कुठल्या सुट्टीआधी?

वॉशिंग्टन, १२ मे १९९९

प्रिय मावशी,

आधी खुर्चीत बस. बसलीस? ऑस्टरबर्गबाई वर चालल्या! अपील कोर्टात! झालं एकदाचं!

हो, त्याच, तुमच्या गावच्या फेडरल कोर्टातल्या मिरियम ऑस्टरबर्ग. दोन वर्षं त्यांचं नाव सिनेटमध्ये धूळ खात पडलं होतं, आणि दोन वर्षं तुझी भाची सिनेटर हॅलोरनबाईंच्या कचेरीत बसून ते हलवायचं कसं याच एका घोरात होती. अडवणारा कोण, तर आपल्याच राज्याचा दुसरा सिनेटर, विरोधी पक्षाचा म्हातारा प्रुइट. त्याने हरकत घेतली की संपलं. आमच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष नाव सुचवणार आणि हा त्यावर बसणार, कोंबडी अंड्यावर बसते तसा. फक्त याच्याखालून काही बाहेर येत नाही.

तर कोंबडी उठली! आणि उठवली कोणी? मी! म्हणजे मी आणि प्रुइटच्या कचेरीतला गॅरेट, आम्ही दोघांनी. इथल्या खानावळीत रोज, न चुकता, घेवड्याचं सूप असतं. ते गिळता गिळता आम्ही महिनाभर डोकं लढवलं, मग आपापल्या साहेबांना एका टेबलाशी आणून बसवलं. थोडं द्यावं लागलं, थोडं मिळालं. दोन्ही जागा एकाच दिवशी भरणार, वरची तर भरणारच, पण ऑस्टरबर्गबाई गेल्यावर रिकामी होणारी तुमच्याकडची खालची जागासुद्धा! खालच्या जागेचं नाव अजून फोडायचं नाही, म्हणून तुलाही सांगत नाही. रागावू नकोस.

राज्यातल्या न्यायाधीशाचं नाव आलं की समिती त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांना एक निळी चिठ्ठी पाठवते, हे मी तुला मागे लिहिलं होतं. सही होऊन परत आली तर नाव पुढे सरकतं. नाही आली तर जागच्या जागी कुजतं. कायद्यात कुठे नाही, नुसता रिवाज, पण कायद्याहून कडक. हॅलोरनबाई सुपाचा चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "माझी चिठ्ठी सुट्टीआधी परत येईल." प्रुइट म्हणाला, "मग माझी हरकतही उठेल." हात मिळवले. एक अक्षर कागदावर नाही! इथे तोंडचा शब्द हाच करार. मावशी, सूप सांडलं माझ्या स्कर्टवर.

फोन केला नाही म्हणून फुगू नकोस. इथे भिंतींनाच नाही, टेबलांनाही कान आहेत. आणि दवाखान्याचा फोन तू पलीकडून शिवीच येणार असं धरून उचलतेस. एवढी गोड बातमी त्या कानाने कशाला ऐकायची?

तुझी (आज फारच मोठी झालेली)
जोलीन


१६ मे, रविवार

जोलीन पोरी,

तुझं पत्र उघडलं आणि मी स्वयंपाकघरात एकटी नाचले. बासष्टाव्या वर्षी. कमरेत उसण भरली, ती तुझ्या नावावर.

मग मी काय केलं ऐक. खसखशीचे कोलाचे भाजले, आपले ते भरलेले गोड पाव, दोन ताटं, आणि दवाखान्यात नेले. तिघी नर्सा आणि पहारेकरी, सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ले. कशाबद्दल ते सांगितलं नाही, घाबरू नकोस. "भाचीने पराक्रम केला," एवढंच म्हणाले. पहारेकरी म्हणाला, "लग्न ठरलं?" म्हटलं, "त्याहून बरं."

आता माझी बातमी. मी तुला काळजी नको म्हणून नीट लिहिलंच नव्हतं. तो नवा कायदा आहे ना, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला तीस मैलांच्या आतल्या एखाद्या इस्पितळात रोगी भरती करायचा हक्क असलाच पाहिजे म्हणणारा, तो एक जुलैपासून लागू होतो. दर मंगळवारी विमानाने येणाऱ्या आपल्या डॉक्टरांना इथलं एकही इस्पितळ असा हक्क देत नाही. का देईल? निदर्शकांच्या पाटीवर आपलं नाव नको कोणाला. म्हणजे एक जुलैला राज्यातला एकुलता एक दवाखाना बंद. कायद्याला स्थगिती मिळावी म्हणून आम्ही कोर्टात गेलोय, आणि तारीख लागली आहे बावीस जून. कोणापुढे, ओळख बघू? ऑस्टरबर्गबाईंपुढे! आमचे वकील म्हणतात, त्या कागद वाचणाऱ्या न्यायाधीश आहेत, स्थगिती मिळायची आशा पुष्कळ आहे.

लिहिता लिहिता थबकले बघ. त्या वर गेल्या तर त्यांच्याकडचे खटले त्यांच्या जागी येणाऱ्याकडे जातात. मग तुझं पत्र परत वाचलं. दोन्ही जागा तुम्हीच भरताय! म्हणजे खालीही आपलंच माणूस. केवढी ग शहाणी तू! वरही आपलं, खालीही आपलं. आणि थोडं द्यावं लागलं म्हणतेस ते काय दिलंत? पूल? प्रुइटला पुलांचा भारी सोस आहे. द्या त्याला नदी नसलेल्या जागी पूल.

तुझ्या आईला आज सांगितलं. तुझ्यासाठी चर्चमध्ये तिने मेणबत्ती लावली. मी तेवढ्यात गायकवृंदात जाऊन जोरात गायले.

मावशी


वॉशिंग्टन, १९ मे

मावशी,

तुझं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं आणि तिथेच बसले. कोणीतरी पाणी आणून दिलं.

मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ. तुमचा खटला राज्याच्या कोर्टात चाललाय अशी माझी समजूत होती. तू "कोर्टात" एवढंच लिहायचीस, आणि मी कधी विचारलं नाही कुठल्या.

पूल दिला नाही, मावशी. खालची जागा दिली. ड्वेन ट्रस्डेलला, तुमच्याच गावच्या त्या वकिलाला.

आता ओरडू नकोस, पुढे वाच. राष्ट्राध्यक्ष आमचे असले तरी नाव प्रुइटच्या पसंतीचं सुचवतील, हॅलोरनबाई निळी चिठ्ठी अडवणार नाहीत, आणि बदल्यात ऑस्टरबर्ग सुटतील. तुम्हाला एक, आम्हाला एक. ट्रस्डेल गर्भपाताच्या विरुद्ध आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण गॅरेट म्हणाला, आणि मलाही पटलं, की खालचा चुकला तर वरचं कोर्ट दुरुस्त करतं. खालची एक जागा घालवून वरची मिळत असेल तर सौदा फायद्याचा! मी फळ्यावर खडूने काढून दाखवलं होतं ग हॅलोरनबाईंना. वर बाण, खाली बाण. त्या म्हणाल्या, "शाबास."

मेमोरियल डेला थडग्यांवर फुलं वाहायला म्हणून सिनेट शुक्रवारी, अठ्ठावीसला उठतं. त्याआधी चिठ्ठी जाणार, मग जूनच्या मध्याला दोघांवर एकत्र मतदान. बावीसच्या आतच ऑस्टरबर्ग वर गेलेल्या असतील.

पण वरचं कोर्ट आहेच ना? तूच सांग, आहे ना?

जोलीन


२३ मे

जोलीन,

वरचं कोर्ट आहे. देवही आहे. दोघांकडे जायला वेळ लागतो.

मी तुझ्यावर ओरडणार होते. काल अर्धं पत्र लिहून फाडलं, त्यात तुला गधडी म्हटलं होतं. मग आठवलं की तुला फळ्यावर बाण काढायला मीच शिकवलंय. म्हणून आता साध्या शब्दांत सांगते.

ट्रस्डेलने स्थगिती नाकारली की एक जुलैला दार बंद. आम्ही अपील करू. वरचे न्यायाधीश ते वाचतील, तीन जण बसतील, त्या तिघांत ऑस्टरबर्ग असतील की नाही हे तिथल्या सोडतीवर. वर्ष जाईल, दीड जाईल. समजा जिंकलो. कोण उघडेल दार? डॉक्टर दुसरीकडे मंगळवार देऊन बसलेले असतील. नर्सा वृद्धाश्रमात लागलेल्या असतील, तिथे पगार बरा आहे आणि कोणी फाटकाशी उभं राहून नावाने हाका मारत नाही. जागेचा मालक तर वाटच बघतोय. कागदावर जिंकलेला दवाखाना म्हणजे चित्रातली भाकरी, बाई.

आणि ज्यांना त्या वर्षात यायचं होतं त्यांचं काय? मंगळवारी पश्चिमेकडून एक आली, पाच तास गाडी हाकत. मागच्या सीटवर तिचा धाकटा झोपलेला. तिला सांगू का, तीन न्यायाधीश वाचतायत, तोवर थांब?

ड्वेनबद्दल माझ्या मनात वाईट नाही. गायकवृंदात माझ्या मागच्या रांगेत उभा असतो, आवाज गोड आहे मेल्याचा. दर जानेवारीत, गर्भपाताला मुभा देणाऱ्या त्या जुन्या निकालाच्या तारखेला, आमच्या फाटकासमोर हात जोडून उभा राहतो, पण शिवी देत नाही आणि देणाऱ्याला गप्प करतो. तो म्हणेल, मी दोन्ही बाजू ऐकेन. त्याला खरंच तसं वाटतही असेल. पण त्याचं मन कुठे आहे ते सगळं गाव जाणतं.

एक विचारू? पहिल्या पत्रात तू लिहिलंस, चिठ्ठी "सुट्टीआधी" परत येईल. मी आपली समजले ऑगस्टची. आमच्यासाठी सिनेटची सुट्टी म्हणजे ऑगस्ट, तेव्हाच तुम्ही लोक जत्रेत मका खायला येता. मेमोरियल डेची तू आत्ता म्हणतेस. तिथे टेबलाशी कोणी म्हटलं होतं का, कुठली सुट्टी?

हे पत्र जलद टपालाने टाकतेय, जादा पैसे पडले तरी पडोत.

मावशी


वॉशिंग्टन, २७ मे

मावशी,

नाही म्हटलं! कोणीच नाही म्हटलं!

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवसाची माझी टिपणं काढली. मग डोळे मिटून आठवलं. मग गॅरेटला सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते सुट्टीआधी म्हणाले ना, पुढे काही म्हणाले?" तो म्हणाला, "सुट्टीआधी म्हणजे सुट्टीआधी. पुढे काय म्हणायचं?" इथे दर महिन्या-दीड महिन्याने सुट्टी असते, मावशी! ईस्टरची, मेमोरियल डेची, चार जुलैची, ऑगस्टची. प्रत्येकाने आपापल्या मनातली धरली आणि हात मिळवले!

आज दुपारी हॅलोरनबाईंपुढे उभी राहिले. निळी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर होती, सही व्हायची बाकी. पेन त्यांच्या हातात.

"मॅडम, तुम्ही सुट्टीआधी म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात कुठली सुट्टी होती?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे तुला कोणी विचारायला सांगितलं?"

थाप सुचली नाही. "माझ्या मावशीने."

"तुझी मावशी काय करते?"

सांगितलं. दवाखाना, बावीस जून, ऑस्टरबर्ग, सगळं. त्या म्हणाल्या, "मला हे कोणीच कसं सांगितलं नाही?" मी म्हटलं, "सांगायला हवी होती ती मीच, आणि मलाच माहीत नव्हतं." मला वाटलं, गेली नोकरी.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "माझ्या मनात खरं सांगायचं तर कुठलीच नव्हती. सूप गार होत होतं." चिठ्ठी खणात ठेवली. "पण प्रुइटच्या मनात ही होती, हे मला कळत होतं. शब्द दिल्यावर त्यातली फट शोधणं मला आवडत नाही, जोलीन. सोमवारी गावी जातेय. फुलं वाहते, माणसांना भेटते, मग ठरवते."

सोमवारी त्या तुमच्या गावच्या अग्निशमन दलाच्या नाश्त्याला आहेत. मी तुला काहीही करायला सांगत नाहीये. नुसतं सांगतेय.

जोलीन


१ जून

पोरी, पोरी, पोरी!

काल पहाटे मी तुझ्या आजीच्या बागेतले पिओनी कापले, कॉफीच्या डब्यांत भरले, सगळ्यांच्या थडग्यांवर ठेवले आणि तशीच चिखलाच्या बुटांनी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गेले. पॅनकेकच्या रांगेत हॅलोरनबाई. मी त्यांच्या मागे उभी राहिले, तीन माणसांना ढकलून. एक जण म्हणाला, "ब्लांश, रांग आहे." म्हटलं, "मला ठाऊक आहे, म्हणूनच उभी आहे."

"मॅडम, मी जोलीनची मावशी."

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "बूट बघून नाही, नजर बघून."

त्यांनीच मला कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं. सरळ म्हणाल्या, "ब्लांशबाई, मी शब्द दिलाय. तो मोडला तर उद्या माझ्याशी कोणी सौदा करणार नाही. आणि सौदे झाले नाहीत तर ऑस्टरबर्गसारखी माणसं कधीच वर जाणार नाहीत."

"मोडा कोण म्हणतंय? चिठ्ठी द्या. ट्रस्डेल येऊ दे. फक्त ऑस्टरबर्गबाईंच्या हातातलं काम त्यांना संपवू दे. सुट्टीआधीच द्या, पण पुढच्या सुट्टीआधी. कॅलेंडर तुमचंच आहे, मी नाही छापलं."

"ही शाब्दिक कसरत झाली."

"मॅडम, तुम्ही कायदे करता. शाब्दिक कसरत म्हणजे तुमच्या घरची भाकरी." जीभ चावली, पण निघून गेलं होतं तोंडातून.

बाईंनी काटा खाली ठेवला. मला वाटलं, उठून जातील. त्या हसल्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "आणि ऑस्टरबर्गनी स्थगिती नाकारली तर?"

"तर नाकारली. त्या कागद वाचून नाकारतील. मला निकाल नकोय तुमच्याकडून. मला माझी तारीख हवीय."

त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला प्रुइटला स्वतः सांगावं लागेल. तोंडावर. लपूनछपून नाही."

"सांगा की! मी येऊ सोबत?"

"नको," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तुम्ही नका येऊ."

आता काय होईल ते तू कळव. मला दोन दिवस झोप नाही, आणि भूक मात्र दुप्पट लागलीय.

मावशी


वॉशिंग्टन, १० जून

मावशी,

इथे वादळ झालं आणि मी त्याच्या बरोब्बर मध्ये उभी होते!

हॅलोरनबाईंनी प्रुइटला सांगितलं. शब्द कायम, चिठ्ठी चार जुलैच्या सुट्टीआधी येईल, आणि का ते एका दमात सांगितलं. प्रुइट लालबुंद झाला, बाईंना नावाने हाक मारून ओरडला, "वर्ना, ही फसवणूक आहे!" ऑस्टरबर्गवरची हरकत कायमची ठेवीन, माझ्या हयातीत ती वर जाणार नाही, असं म्हणून दार आपटून गेला. गॅरेटने माझ्याशी बोलणं टाकलं. खानावळीत मला बघून सूप तसंच ठेवून उठला. मावशी, दोन वर्षांचं काम माझ्याच एका प्रश्नाने पाण्यात गेलं, आणि मला कळेना, रडावं की हसावं. घरी येऊन दोन्ही केलं. रडले, आणि मग विचार आला की हरकत राहिली तर ऑस्टरबर्ग खालीच राहतात, म्हणजे तुमची तारीख पक्की! मग हसले. शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना.

पाच दिवसांनी, काल, प्रुइट आमच्या कचेरीत आला. एकटा, काठी टेकत. सरळ माझ्या टेबलाशी.

"ती तूच का, त्या दिवशी टिपणं घेणारी?"

"हो सर."

"मी कुठली सुट्टी म्हणालो होतो?"

मावशी, मी "ऑगस्टची" म्हणू शकले असते. "आठवत नाही" म्हणू शकले असते. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला नव्हतात, सर. पण तुमच्या मनात मेमोरियल डेची होती. तेव्हा माझ्याही मनात तीच होती."

तो बाकावर बसला, दमून. "पंचवीस वर्षं इथे आहे. लोकांच्या बोलण्यातल्या अशाच फटीतून मी किती जणांना ढकलून दिलं असेल. मला कोणी ढकललं नव्हतं." मग हॅलोरनबाईंच्या दाराकडे काठी करून मोठ्याने, म्हणजे आत ऐकू जाईल असं, म्हणाला, "सांग तिला, चार जुलै! पण त्या दिवसानंतर एक तासही नाही! आणि माझा ट्रस्डेल येणार म्हणजे येणार!"

जाताना मला म्हणाला, "बाई, खोटं बोलली असतीस तर सौदा मोडला असता."

सौदा जिवंत आहे! तारीख जिवंत आहे! मी पण आहे, थोडीफार!

जोलीन


३० जून, बुधवार

जोलीन,

स्थगिती मिळाली!!!

बावीसला तीन तास वाद झाला. ऑस्टरबर्गबाईंनी राज्याच्या वकिलाला विचारलं, गेल्या वीस वर्षांत या दवाखान्यातून किती बायकांना इस्पितळात हलवावं लागलं. त्याने कागद चाळले. मला आकडा तोंडपाठ होता, जीभ वळवळत होती, पण आमच्या एका वकीलबाईने माझा हात घट्ट दाबून धरलेला. निकाल राखून ठेवला. आठवडाभर मी भांडी घासत बसले, स्वच्छ असलेलीसुद्धा.

आज दुपारी निकाल आला. पूर्ण खटला चालेपर्यंत कायदा लागू नाही. दार उघडं! आम्ही फाटकाच्या आत एकमेकींना मिठ्या मारत होतो आणि फाटकाबाहेर ते लोक गुडघ्यांवर बसून रडत होते. मला तेही दिसत होतं. मी दिसत नाही असं दाखवलं.

पहिला फोन वाजला तेव्हा मी न भिता उचलला. पलीकडे शिवी नव्हती. एक मुलगी होती, विचारत होती, पुढच्या मंगळवारी चालू असाल का. "असू," म्हटलं. जोलीन, या एका शब्दासाठी मी या दवाखान्यात उभी आहे. "असू, ये तू."

तुमची ती चिठ्ठी आज गेली असेल ना? जाऊ दे. शब्द दिला तो पाळला. हॅलोरनबाईंना माझा नमस्कार सांग, आणि पॅनकेकच्या वेळी जिभेवर ताबा राहिला नाही त्याची माफी.

मावशी


वॉशिंग्टन, २२ जुलै

प्रिय मावशी,

चिठ्ठी मीच नेऊन दिली, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेच्या आत. निळा रंग अगदी फिका असतो. एवढ्याशा कागदासाठी आपण सगळे जिवाचं रान करत होतो.

आज मतदान झालं. झालं म्हणजे, मी पेन शोधेपर्यंत संपलं! नाव वाचलं, "हरकत?" कोणी नाही. दुसरं नाव वाचलं, "हरकत?" कोणी नाही. ऑस्टरबर्ग वर, ट्रस्डेल खाली. सभागृहात जेमतेम पाच माणसं, त्यांतला एक पेंगत होता. गॅलरीत मी आणि गॅरेट शेजारी शेजारी. त्याने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी मिळवला. दोघंही जिंकलो होतो, आणि दोघांनाही आपण काय देऊन बसलो ते कळत होतं.

पण मावशी, अपील कोर्टात ऑस्टरबर्ग! दोन वर्षांनी! आज मला सुपाचीसुद्धा चव लागली. मी आता सगळ्यांना एकच प्रश्न विचारत सुटते, "म्हणजे नक्की कुठली?" कचेरीत मला चिडवतात.

तुझी
जोलीन


१२ सप्टेंबर

जोलीन बाळा,

काल ड्वेनचा शपथविधी झाला. नंतर चर्चच्या तळघरात चहा-केक, आणि आमच्या वृंदाने गाणं म्हटलं. मी गेले का विचारशील, तर गेले. तेवीस वर्षं एका वृंदात गातो आम्ही. आणि केक माझाच होता, दुसऱ्या कोणाचा फुगत नाही.

तो माझ्यापाशी आला. नवा सूट, कपाळावर घाम.

"ब्लांशबाई, तुम्हाला माहीत असेल, खटल्याबद्दल मला बोलता येणार नाही."

"मी कुठे विचारलं? घे, कडेचा तुकडा घे, तुला साखर जास्त आवडते."

"मी मन लावून ऐकेन. दोन्ही बाजू. वचन देतो."

"जाणते रे," म्हटलं. आणि त्याच्यावर विश्वासही ठेवला. त्याने मनापासूनच म्हटलं होतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

राज्याने स्थगिती उठवायचा अर्ज केलाय, त्याच्यापुढे. नोव्हेंबरात तारीख आहे. मंगळवार सगळे भरलेत आमचे, मी डॉक्टरांना सांगितलंय, तोवर एकही चुकवायचा नाही. हरलो तर अपील करू, वर तुझी ऑस्टरबर्ग आहे, सोडतीत निघाली तर निघाली. तू दोन वर्षं राबून मिळवलेली जागा फुकट गेली असं मी कधी म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.

तू ऑगस्टच्या पत्रात लिहिलंस की नोकरी सोडून घरी यावं, दवाखान्यात माझ्या हाताखाली काम करावं. नको. तू तिथेच राहा.

का ते सांगते. केकच्या टेबलामागून मी ड्वेनकडे बघत होते. केस काळेभोर, दात सगळे स्वतःचे, जिना एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढतो. एकेचाळीस वर्षांचा आहे, आणि नेमणूक मरेपर्यंतची. मी बासष्टची. माझं त्याच्याशी भांडण फार तर सात-आठ वर्षांचं. उरलेलं सगळं तुझं आहे.

जेवत जा वेळेवर.

मावशी